शेषगिरी भटजींचं बोट

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला पांडुरंगअण्णा निपाणीकरांच्या दुकानातला कॉम्प्युटर मेला, आणि त्या घटनेने दुकानातल्या एकाच माणसाला आनंद झाला. तो माणूस म्हणजे शेषगिरी भटजी. आनंद दिसू नये म्हणून त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, दोनदा "अरेरे" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणताना हसू फुटेल की काय अशी भीती वाटून ते जिन्याखाली आपल्या जागेवर जाऊन बसले.

ही जिन्याखालची जागा हेच तर भटजींचं दुखणं होतं. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात अण्णांचं दुकान होतं. पंचांगं, पूजेचं सामान आणि लग्नपत्रिकांची छपाई. त्या दुकानात अण्णांच्या गादीच्या उजव्या हाताला, रस्त्यावरून दिसेल अशी, अठ्ठावीस वर्षं भटजींची बैठक होती. एक सतरंजी, एक उतरतं मेज आणि पंचांगांचा गठ्ठा. मुलीचा बाप आधी भटजींपुढे बसायचा, पत्रिका जुळल्या की तसाच सरकून अण्णांपुढे जायचा आणि छपाईची ऑर्डर देऊन उठायचा. मधे रस्त्याची हवासुद्धा लागू द्यायची नाही, असा दोघांचा बेत होता.

भटजींचं गणित पक्कं. खोड एकच, आणि तीही त्यांनी हौसेने लावून घेतलेली नव्हती. त्यांच्या तळहातांना बारा महिने घाम यायचा. पत्रिका लिहिता लिहिता शाई पसरायची आणि मंगळ शेजारच्या घरात वाहत जायचा. "भटजी, हा गुरू का शुक्र ओ?" असं कुणी विचारलं, तर ते न गडबडता सांगायचे, "तो डाग आहे. गुरू त्याच्या पलीकडे."

मग गेल्या दसऱ्याला अण्णांनी बंगळूरहून कॉम्प्युटर आणला. त्यांची मुलगी शालिनी सहा महिन्यांचा कोर्स करून आली होती, ती यंत्रापुढे बसली. छापील, कोरडी, कडक पत्रिका हातात पडू लागली. अण्णांनी बाहेर मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी रंगवून घेतली, "येथे कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून मिळतील. यंत्र चुकत नाही." यंत्राला जागा हवी म्हणून भटजींची सतरंजी उचलून जिन्याखाली, पाकिटांच्या गठ्ठ्यांशेजारी गेली. तेव्हापासून त्यांना लोक एकच प्रश्न विचारत. चपला कुठे काढायच्या?

तर असा तो कॉम्प्युटर मेला.

"अण्णा, हे काहीच करीना झालंय," शालिनी म्हणाली. "पडदा काळा तो काळाच."

अण्णांनी त्यांना ठाऊक असलेले सगळे उपाय केले. प्लग काढून पुन्हा घातला, वर फुंकर मारली, उदबत्ती लावली, शेवटी बाजूला दोन थापट्याही मारल्या.

"लिंबू ओवाळून बघा," जिन्याखालून आवाज आला.

"भटजी, तुम्ही सुम्ने गप बसा की!" अण्णा करवादले. "रविवारी बेळगावचे लोक यायलेत. तुम्हाला काय, बसल्या जागी मजा!"

बेळगावचे लोक म्हणजे गुळाचे मोठे व्यापारी सटवाजीराव आणि त्यांच्या पत्नी. त्यांच्या मुलासाठी शालिनीची पत्रिका बघायची होती. सटवाजीरावांची अट एकच होती, पत्रिका जुळवायची ती कॉम्प्युटरवर, आणि तीही डोळ्यांदेखत. दिवस पुढे ढकलावा तर सोमवारी अमावास्या, मंगळवारपासून आषाढ लागत होता, आणि आषाढात ते सोयरिकीचं नावसुद्धा काढत नसत. यंत्र बंद आहे म्हणून सांगावं तर दुकानाची अब्रू जाणार. अण्णांनी त्या रात्री भाकरी अर्धी टाकली.

शुक्रवारी संध्याकाळी गोविंद आला. हा हुबळीजवळच्या बेलूरच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचा आणि उरलेल्या वेळात केशवापुरातले टीव्ही दुरुस्त करायचा. बोलणं कमी, खिशात स्क्रूड्रायव्हर कायम. त्याने यंत्राचं झाकण काढलं, आतला हिरवा बोर्ड दोन मिनिटं न्याहाळला आणि ओळखीचं कुणी भेटल्यासारखा हसला.

"अण्णा, हा ह्या मॉडेलचा ठरलेला आजार आहे. आमच्या कारखान्यात ह्याचे दोन भाऊ आहेत. दोघांनाही झालाय."

"आजार म्हणजे काय रे?"

"हा बघा प्रोसेसर. सगळा विचार हा करतो. पण ह्याला कुणीतरी सारखा ठोका द्यावा लागतो, भजनात टाळकरी देतो तसा. त्याला क्लॉक म्हणायचं. आणि तो ठोका हे क्रिस्टल देतं." त्याने चिंचोक्याएवढ्या एका पत्र्याच्या डबीवर टोक ठेवलं. "हे अशक्त झालंय. ठोका बंद, म्हणून प्रोसेसर गप्प. बाकी बोर्ड ठणठणीत आहे."

"मग बदल की ते!"

"बंगळूरहून मागवायला पाहिजे. बुधवार उजाडेल."

अण्णा मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा बघून गोविंदला दया आली. "एक तात्पुरती युक्ती असते," असं म्हणून त्याने बोट जिभेला लावलं आणि त्या डबीच्या बुडाशी टेकवलं. यंत्राने टुँक केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"आलं, आलं!" शालिनी ओरडली.

गोविंदने बोट काढलं. पडदा पुन्हा काळा.

"ओल्या बोटाचा आधार मिळाला की त्याला उभारी येते," तो म्हणाला. "पाच व्होल्ट आहेत, मुंगीही मरायची नाही. पण बोट सारखं ओलं पाहिजे. सुकलं की संपलं."

अण्णांनी बोट लावून बघितलं. जन्मभर कागद मोजून त्यांची बोटं कागदासारखीच झाली होती, यंत्राने दखलही घेतली नाही. थुंकी लावली तर जेमतेम मिनिटभर चाललं. शालिनीचे दोन्ही हात टाइप करायला हवेत. गोविंदला त्या रविवारी कारखान्यात पाळी. एवढ्यात, ही गंमत जवळून बघायला मिळावी म्हणून भटजी जिन्याखालून उठून आले.

"एवढीशी ही डबी? आणि हिच्या जोरावर नऊ महिने मिरवतंय होय हे?" असं म्हणत त्यांनी तुच्छतेने तिला बोटाने टोचलं.

यंत्र धडाडून चालू झालं. प्रिंटरचा दांडा डावीकडून उजवीकडे धावला. भटजी दचकले, पण गोविंदने त्यांचं मनगट धरून ठेवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. यंत्र झकास चालू.

"काका, हात बघू," गोविंद म्हणाला. त्याने तळवा उलटा करून दिव्याखाली धरला. "असा हात मी आजवर बघितला नाही. आपोआप ओला!"

"जन्मापासून," भटजी हळू आवाजात म्हणाले. साठ वर्षांत त्यांच्या तळव्यांचं कुणी कौतुक केलेलं नव्हतं. त्यांना बरंही वाटलं, आणि कौतुक कशासाठी होतंय हे ध्यानात येऊन संतापही आला.

"भटजी," अण्णांचा आवाज एकदम तुपाळ झाला, "रविवारचा एक तास. यंत्राची पेटी टेबलाखाली ठेवू, वर मखमल टाकू, जमिनीपर्यंत. तुम्ही आत बसायचं."

"मी? टेबलाखाली? अहो, मी दशग्रंथी माणसाचा मुलगा!"

"ऐकून तर घ्या. शालूचं जमलं की ती बेळगावला जाणार. मग हे चालवणार कोण? मी विकून टाकतो. तुमची सतरंजी परत गादीजवळ, जिथं होती तिथं. पंचांगाची शप्पथ."

भटजींनी जिन्याखालच्या पाकिटांकडे बघितलं, मग गादीजवळच्या आपल्या जुन्या जागेकडे बघितलं. ती जागा परत मिळावी यापलीकडे त्यांना या जगात काही नको होतं. ते टेबलाखालीच काय, टेबलाच्या खणात बसायलाही तयार झाले असते. शालिनी तिथंच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही, कारण त्या घरात मुलीला विचारायची वेळ पत्रिका जुळल्यानंतर यायची.

रविवारी चार वाजता भटजी टेबलाखाली पाटावर बसले. समोर उघडी पेटी, आत बोर्ड, आणि बोर्डावर त्यांची तर्जनी. भोवती देव्हाऱ्यासाठी विकायला आणलेली लाल मखमल. आत ऊब भरपूर होती, त्यामुळे घामाची कमतरता नव्हती.

सटवाजीराव आले, ते आल्याआल्या यंत्राला नमस्कार करूनच खुर्चीत बसले. मुलगा आला नव्हता. त्याची पत्रिका आली होती, तेवढं पुरे होतं.

"माणसावर माझा विश्वास नाही ओ, अण्णा," ते म्हणाले. "माणूस पाव्हण्यारावळ्यांत गुंततो. मशीनला कुठले आलेत पाव्हणे? ते सांगेल ते मला मान्य."

"हौद्री, हौद्री," अण्णांनी मान डोलावली.

"आणि एक आधीच सांगतो. आमच्यात सून दुकानात बसत नाही. मशीनबिशीन इथंच. घरी तीन गाई आहेत, तिकडं बघायचं."

शालिनीची बोटं अक्षरांवर क्षणभर थांबली. मग तिने दोन्ही जन्मवेळा टाइप केल्या. प्रिंटर खरखरू लागला आणि सटवाजीराव एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. वर्णाचा गुण मिळाला, वश्याचे मिळाले, तारा, योनी, ग्रहमैत्री ठीक, गणाचे सहाच्या सहा. राशिकूट आलं तोवर तेवीस झाले होते. उरली नाडी. खाली भटजी खूश होते. त्यांनी ही पत्रिका आदल्या रात्रीच घरी जुळवून बघितली होती. नाडीचे आठ मिळणार, एकूण एकतीस. आता एक ओळ, की सतरंजी गादीजवळ.

नेमकं त्याच वेळी सटवाजीरावांच्या पत्नी चंद्रभागाबाई अवघडून गेल्या आणि त्यांनी मखमलीखाली पाय लांबवला. जोडव्याचा गार स्पर्श भटजींच्या पोटरीला झाला. परस्त्रीचा पाय! भटजी शहारून मागे सरले आणि बोट निसटलं. प्रिंटर नाडीच्या 'ना'वर थांबला.

"अगंबाई! खाली काहीतरी मऊ लागलं!" चंद्रभागाबाई किंचाळल्या.

"मांजर," अण्णा म्हणाले. "उंदरांसाठी पाळलंय."

खाली भटजींनी क्षणभर विचार केला आणि दशग्रंथींचं स्मरण करून बारीक आवाजात "म्याँव" केलं.

"मशीन का थांबलं?" सटवाजीरावांनी विचारलं.

"करंट गेला असेल की," अण्णा बोलून गेले. सटवाजीरावांनी वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता. अण्णांनीही वर बघितलं आणि पंख्याचा त्यांना जन्मात आला नव्हता एवढा राग आला.

"पुन्हा लावते," शालिनी म्हणाली. तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला ती वाकली, मखमल जराशी वर झाली आणि भटजींना तिचा चेहरा दिसला.

"काका, पुन्हा बोट काढा. तिथंच. नाडीला," ती कुजबुजली.

"वेड लागलं का? माझी बैठक जाईल!"

"काका, मला जायचं नाही."

एवढंच बोलून ती उठली. भटजींनी बोट परत टेकवलं, चांगलं घट्ट टेकवलं. आपल्याला काय करायचंय? हीच ती पोर, हिच्यापायी आपण जिन्याखाली गेलो. ही गेली की आपली जागा परत. हिशेब सरळ होता. पण तो सरळ हिशेब त्यांच्या गळ्याखाली उतरेना. हिची पत्रिका त्यांनीच लिहिली होती, जन्मली त्या दिवशी. सात वर्षांची असताना ही दोन्ही हातांत कप धरून, निम्मा बशीत सांडत, त्यांना चहा आणून द्यायची. आणि नऊ महिन्यांत "चपला कुठे काढायच्या" याखेरीज काहीतरी विचारणारी या दुकानात ही एकटीच होती. वाईट वाटलं त्यांना, फार वाईट वाटलं. वर गणाचे सहा आले. राशिकूट आलं. सटवाजीराव "नाडी" म्हणायला तोंड उघडणार, तोच भटजींनी बोट उचललं.

"परत?" सटवाजीराव खुर्चीत पुढे सरकले. "परत लाव बघू, बाई."

तिसऱ्यांदा शालिनीला काही पाडावंही लागलं नाही. प्रिंटर नाडीपाशी आला आणि थांबला.

सटवाजीराव उभे राहिले. त्यांचा आवाज खाली आला होता. "तीनदा. आणि तीनदाही नाडीशी. नाडी म्हणजे संतती, अण्णा. मशीनला ठाऊक आहे, पण सांगवेना झालंय बिचाऱ्याला."

"तसं काही नसतं ओ..." अण्णांच्या कपाळावर आता भटजींच्या तळव्याइतका घाम होता.

"थांबा. एक करा. एखादा जुना जोशी बोलवा. माझ्या थोरल्या भावाची पत्रिका हुबळीतच कुणा शेषगिरी जोशांनी जुळवली होती. बारा लेकरं झाली त्याला. आहेत का ते अजून?"

नऊ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी भटजींचं नाव घेऊन त्यांना विचारत होतं. आणि भटजी विचारणाऱ्याच्या गुडघ्यापासून दीड हातावर, मखमलीआड, मांजर होऊन बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आहेत की," शालिनी म्हणाली. "जवळच असतात."

"फार जवळ," अण्णा पुटपुटले.

"तोवर तुम्ही लग्नपत्रिकांचे नमुने बघा, या, इकडं पुढं." शालिनीने दोघांना दुकानाच्या तोंडाशी कपाटाकडे नेलं. भटजी मागच्या बाजूने बाहेर आले. म्हणजे यायला लागले. उजवा पाय पार झोपला होता, तो त्यांच्याबरोबर यायला तयार होईना. शेवटी त्या पायाला हाताने ओढत, गुडघ्यांवर रांगत ते गोदामात शिरले, मागच्या दाराने बोळात गेले, बोळातून रस्त्यावर आले आणि पुढच्या दाराने लंगडत दुकानात हजर झाले. शेंडीला कोळिष्टक, गुडघ्यांवर धूळ.

"पडलात काय ओ?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"देवळात होतो. साष्टांग घालत होतो," भटजी म्हणाले. पत्रिकेच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता. बाकी बाबतीत त्यांनी स्वतःला एवढं बांधून घेतलेलं नव्हतं.

ते गादीजवळ बसले, पत्रिका हातात घेतल्या, बोटांच्या पेरांवर मोजल्यासारखं केलं. शालिनी त्यांच्याकडे बघत होती. अण्णाही बघत होते.

"एकतीस गुण," भटजी म्हणाले. "नाडीचे आठच्या आठ. पत्रिका उत्तम जुळते."

अण्णांचा चेहरा फुलला. शालिनीने मान खाली घातली.

"पण मशीन तीनदा थांबलं, भटजी," सटवाजीराव म्हणाले. "नाडीशी."

"तीनदा?" भटजींनी चष्मा काढला. "मग मी काय बोलणार? मी पडलो माणूस. अठ्ठावीस वर्षं जुळवतोय, कधी कुठं चुकलोही असेन. यंत्राचं म्हणाल, तर बाहेर अण्णांनी पाटीच लावलीय. येताना वाचली असेल तुम्ही."

सटवाजीरावांनी ती येताना दोन्ही भाषांत वाचली होती. आता ते अण्णांकडे बघू लागले. अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. यंत्र चुकलं म्हणावं तर दुकान बुडतं, यंत्र बरोबर म्हणावं तर सोयरीक बुडते. सटवाजीराव समजायचं ते समजले. जाताना त्यांनी कॉम्प्युटरला वाकून नमस्कार केला.

ती दोघं वळणाआड जाईपर्यंत अण्णांनी हात जोडून ठेवले. मग म्हणाले, "भटजी, उद्यापासून जिन्याखालीसुद्धा नको."

भटजींनी सतरंजी गुंडाळली. बारा बाय आठच्या त्या दुकानात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती, आणि ती सगळी काखेत मावली. ते नाक्यापर्यंत पोचले तेव्हा शालिनी धावत आली. पंचांगं राहिली होती, ती तिने हातात दिली आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडली. भटजींना रडू येऊ लागलं, म्हणून ते तिच्यावरच ओरडले, "पोरी, चपला कुठं आहेत तुझ्या?"

बुधवारी बंगळूरहून क्रिस्टल आलं. गोविंदने ते बसवलं आणि बोर्ड एकदम निरोगी झाला. पण तोवर सटवाजीरावांनी गुळाच्या बाजारात सगळीकडे सांगून टाकलं होतं, हुबळीला एक मशीन आहे, स्थळ वाईट असलं की पुढं बोलतच नाही! आषाढात लग्नं नसतात, त्यामुळे पत्रिका बघायला सगळे मोकळे. दुर्गदबैलात रांग लागली. आणि दुरुस्त झालेलं यंत्र प्रत्येकाला, न अडखळता, खरखर खरखर सगळी बेरीज छापून देऊ लागलं.

"हे थांबत कसं नाही?" पहिल्याने विचारलं.

"तुमचं चांगलं जुळतंय," शालिनी म्हणाली.

"आणि ह्यांचं?"

"त्यांचंही."

"सगळ्यांचं चांगलं म्हणणारं मशीन काय कामाचं? बेळगावच्यांना तेवढं थांबून दाखवता होय?" एका गृहस्थाने चार वेळा पत्रिका छापून घेतली आणि एकदाही यंत्र थांबलं नाही म्हणून चिडून निघून गेला. दुसऱ्याने तर स्पष्ट सांगितलं, "दुरुस्त करून बिघडवलंत की ओ, अण्णा!" शनिवारपर्यंत रांग संपली.

रविवारी सकाळी अण्णा नारळ घेऊन भटजींच्या घरी आले.

"चला, भटजी."

"कुठं? टेबलाखाली?"

"तेच म्हणायला आलो होतो," अण्णा म्हणाले. "पण तुमचं तोंड बघून आता गादीजवळ म्हणतो."

यंत्र जरा पलीकडे सरकवून सतरंजी पुन्हा गादीजवळ अंथरली गेली. गोविंदने भटजींच्या मेजाखाली दाराच्या घंटीचं एक बटण बसवलं. ते दाबलं की ठोका बंद, यंत्र गप्प. चाचणी झाली. "दाबा, काका," गोविंद म्हणाला, भटजींनी दाबलं, यंत्र थांबलं. अण्णांनी हळूच बजावलं, "दिवसातून एखादं. पण माणूस बघून." भटजींनी मान हलवली. नऊ महिन्यांनी रस्त्यावरून जाणारे लोक त्यांना नमस्कार करत होते. याहून अधिक त्यांना काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक अळणावरहून आलं. लाकडाचा व्यापारी, बरोबर त्याची मुलगी यमुना. स्थळ होतं एका वखारवाल्याचं, वय बेचाळीस, दुसरेपणाचा. भटजींनी मनातल्या मनात मोजलं, सत्तावीस गुण. जुळतं. थांबवायचं काही कारण नव्हतं. व्यापाऱ्याने दिलेलं फळांचं तबक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. यमुना मात्र यंत्राकडे बघत नव्हती. ती शालिनीकडे बघत होती.

प्रिंटर राशिकूटापर्यंत आला आणि नाडीशी थांबला.

गादीवरून अण्णांनी भटजींकडे पसंतीने बघितलं. भटजींनी आपल्या हातांकडे बघितलं. दोन्ही तबकावर होते. त्यांनी तबक खाली ठेवलं, एक हात सावकाश मेजाखाली नेला आणि चाचपलं. बटण होतं. दोन स्क्रूंनी चांगलं घट्ट बसवलेलं होतं. फक्त त्याला वायर नव्हती. काल चाचणी घेताना शालिनीचे पाय टेबलाखाली होते, आणि त्याआधी गोविंद तिथंच वायर लावत बसला होता, हे त्यांना आत्ता आठवलं. आजही होते. तिने एक चप्पल काढून ठेवली होती आणि ती वर, पंख्याकडे, मोठ्या श्रद्धेने बघत होती.

"काय ओ भटजी," यमुनाच्या बापाने घाबऱ्या आवाजात विचारलं, "थांबलं?"

दुकानातले सगळे भटजींकडे बघू लागले. यमुनाने श्वास धरला होता.

"थांबलं की," भटजी गंभीरपणे म्हणाले. "यंत्रापुढं आपण माणसं काय बोलणार?"

आणि अण्णांना नीट दिसेल अशा बेताने त्यांनी मेजाखालचं ते बटण एकदा जोरात दाबलं.